चावीवाल्याची पहिली रजा

बापूराव अकरा वर्षांत एकदाही आजारी पडले नव्हते, असं ते स्वतः सांगत. त्यांच्या बायकोचं, सरोजाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणत, हा माणूस वर्षातून चारदा आजारी पडतो, फक्त कबूल करत नाही.

दोघांचंही खरं होतं. बापूरावांच्या लेखी सर्दी हा आजारच नव्हता, ती हवा होती. खोकला म्हणजे आदल्या दिवशीचं तळण. अंग मोडून आलं तर तो गादीचा दोष, आणि ताप शंभराच्या आत असला तर तो ताप नव्हेच, 'अंग जरा कोमट' एवढंच. एकदा दाढ सुजून गाल असा फुगला होता की तोंडात लिंबू धरलंय असं वाटावं, तेव्हाही ते कामावर गेले. पाय मुरगळला तेव्हा लेकीची फुलाफुलांची छत्री टेकत गेले. रजेचा अर्ज कसा दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांचं काम होतं पाणी सोडण्याचं. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोककडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे, माडाची गल्ली नावाची चाळींची एक गल्ली होती. माड कधीच तोडला गेला होता, नाव तेवढं उभं होतं. या गल्लीला रोज पहाटे साडेपाचला तासभर पाणी येई, साडेसहाला बंद होई. पाणीखात्याच्या कागदावर बापूराव 'वॉलमन' होते, लोकांच्या तोंडी चावीवाले. चावी म्हणजे कमरेइतकी उंच लोखंडी दांडी, वर धरायला आडवी मूठ. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत उतरवायची आणि फिरवायची. ती चावी ते पाण्याच्या टाकीच्या चौकीवर ठेवत नसत, घरी आणून दाराआड उभी करत. नव्या पाहुण्याला आधी चावी दाखवली जाई, मग चहा.

"त्यात काय मोठंसं, कुणीही फिरवील," असं कुणी म्हटलं की बापूरावांच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. कारण गल्लीच्या तोंडाशी तीन वॉल, म्हणजे पाइपातले व्हॉल्व्ह, होते आणि तिसरा उलटा होता. पहिले दोन डावीकडे फिरवले की उघडत. तिसरा कुठल्याशा ठेकेदाराच्या माणसाने भलत्याच जातीचा बसवला होता, तो उजवीकडे उघडे, बरोबर नऊ फेऱ्यांत. माहीत नसलेल्याने तो जोर करून डावीकडे पिळला तर आतला दांडा तुटणार, रस्ता खणावा लागणार आणि गल्ली चार दिवस कोरडी पडणार. हे गुपित सबंध भाईंदरात एकट्या बापूरावांना ठाऊक होतं. त्यांनी ते कधी कागदावर लिहिलं नाही, साहेबांना सांगितलं नाही. माणसाला काहीतरी आपलं लागतं. कुणाची गावाकडे जमीन असते, बापूरावांचा उलटा वॉल होता.

आणखी एक सवय होती. मराठवाड्यातून इथे येण्याआधी ते सेलूच्या अडतीवर मापाड्याच्या हाताखाली धान्य मोजायचे. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आणि मोजायचं ते मोठ्याने, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ऐकू जाईल असं. "मनात मोजलेलं माप म्हणजे चोरी," असं त्यांचे म्हातारे मापाडी गुणवंतबुवा सांगायचे. पायली सुटली तरी बापूरावांची ती सवय सुटली नाही. रोज पहाटे माडाच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा खणखणीत आवाज उठायचा, "लाभ! दोन! तीन!" असा थेट नवापर्यंत. एका नव्या भाडेकरूने एकदा तक्रार केली होती की हा माणूस पहाटे पहाटे बोंबलतो कशाला. दुसऱ्याच दिवशी त्याने येऊन हात जोडले आणि शब्द मागे घेतला. आपल्या हुद्द्याला घाबरला, असं बापूरावांनी घरी सांगितलं.

तर अशा या माणसाला पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात, एका मंगळवारी पहाटे चार वाजता, अंथरुणातून उठता येईना.

"काय होतंय?" सरोजाबाईंनी विचारलं.

"कुठे काय? थंडी आहे जरा."

"दात वाजतायत तुमचे."

"थंडीत वाजतातच."

सरोजाबाईंनी लेकीला उठवलं. पंचशीला अकरावीला होती, विज्ञान शाखेला, त्यामुळे घरातलं थर्मामीटर तिच्या ताब्यात असे. तिने ते झटकलं, वडिलांच्या जिभेखाली ठेवलं, घड्याळ लावून दोन मिनिटं मोजली आणि दिव्याखाली धरून वाचलं. "एकशे दोन पॉइंट चार."

"एका मापावर भरवसा ठेवायचा नसतो," बापूराव म्हणाले. "तीनदा घे."

दुसऱ्यांदा लावायच्या आधी त्यांनी तांब्याभर गार पाणी तोंडात घोळवलं. या वेळी नव्याण्णव भरला. बापूराव विजयी मुद्रेने पांघरूण सारून उभे राहिले, दोन पावलं चालले आणि भिंतीला धरून खाली बसले. पंचशीलाने तांब्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं.

"पप्पा, हे चीटिंग आहे. परीक्षेत पकडलं तर तीन वर्षं बसू देत नाहीत."

"अहो, आज नाही गेलात तर काय आभाळ कोसळणार आहे?" सरोजाबाई म्हणाल्या. "तो दशरथ आहे ना बदलीवर. त्याला सांगू या. सायकलने पाच मिनिटांत चौकीवर जाईल पंची."

आभाळ कोसळणार नव्हतं हीच तर बापूरावांची भीती होती. आपण गेलो नाही आणि सगळं बिघडलं, तर बिचाऱ्या लोकांचे हाल. पण आपण गेलो नाही आणि काहीच बिघडलं नाही, तर? अकरा वर्षं दाराआड उभी केलेली ती चावी मग कुणाचीही होणार होती. तापापेक्षा हा विचार त्यांना जास्त चढला. जावं की राहावं, या कुशीवर जावं आणि त्या कुशीवर राहावं, असं पाऊण तास चाललं. शेवटी त्यांच्या वतीने पायांनीच निर्णय घेतला, ते उभे राहायला तयार होईनात.

दशरथ पाचाला पाच कमी असताना आला. इथल्याच डोंगरी गावचा गडी, चाळिशीचा, मिशा मोठ्या आणि बोलणं कमी. पाणीखात्यात तो बदली कामगार होता, ज्याची रजा त्याच्या जागी दशरथ, आणि बाकीच्या रात्री टाकीच्या चौकीवर राखण. बापूरावांच्या जागी मात्र तो आजवर कधीच आला नव्हता.

"बापूराव, तुमी निजा. मी बघतंय. काय सांगायचा हाय काय?"

आता खरं म्हणजे एकच वाक्य सांगायचं होतं. तिसरा उलटा आहे. चार वर्षांच्या पोरालाही सांगता आलं असतं. बापूरावांनी तोंड उघडलंही. पण समोर दशरथने चावी हातात घेतली होती, ती जरा तोलून पाहिली होती आणि त्याच्या हातात ती अगदी सहज बसली होती. ते पाहून बापूरावांनी ते वाक्य गिळलं.

"सांगायचं काय त्यात," ते म्हणाले. "वॉल आहेत. तिसऱ्याला नऊ फेरे."

"बरां," म्हणून दशरथ बाहेर पडला. सरोजाबाई दार लावायला त्याच्या मागोमाग गेल्या आणि जरा वेळाने परत आल्या.

बापूरावांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. आपण काय केलं हे त्यांना चांगलं कळत होतं. दांडा तुटला तर दशरथवर येणार होतं, बदलीवाल्याचं काम जायला वेळ लागत नाही. पण एक वाईट, चोरटा आनंदही होत होता. तुटू दे. मग कळेल सगळ्यांना. असा विचार आपल्या डोक्यात येतो याची त्यांना लाज वाटत होती, आणि तो विचार काही केल्या जातही नव्हता.

"उलट्याचं नाही ना सांगितलंत त्याला?" सरोजाबाईंनी स्टोव्हला पंप मारता मारता विचारलं.

बापूराव ताडकन उठून बसले. "कुठल्या उलट्याचं?"

"तिसऱ्या वॉलचं. उजवीकडे उघडतो तो."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. रोज झोपेत सांगता. 'उजवीकडे घे, उजवीकडे घे, नऊ झाले.' लग्न झालेल्या बाईला काय काय पाठ होतं म्हणून सांगू! मी सांगितलंय त्याला दारात."

बापूरावांना पहिल्यांदा हायसं वाटलं. दुसऱ्यांदा वाटलं ते हायसं नव्हतं. सरोजाबाई शेजारणीकडे आलं आणायला गेल्या आणि पंचशीला अंघोळीला, एवढी संधी साधून त्यांनी स्वेटरवर स्वेटर चढवला, माकडटोपी घातली, वरून घोंगडी पांघरली आणि भिंती धरत धरत ते माडाच्या गल्लीकडे निघाले. ज्या माणसाला कामावर जायला पाय नव्हते, त्याला काम बघायला जायला मात्र ते कुठून फुटले कोण जाणे.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याची टपरी होती. अजून बंद होती. तिच्या आडोशाला बापूराव उभे राहिले. समोर रस्त्याच्या दिव्याखाली दशरथ काम करत होता. पहिला वॉल झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात चावी उतरवून तो क्षणभर थांबला, डोकं खाजवलं आणि हळूच उजवीकडे फिरवायला लागला. बापूराव श्वास रोखून फेरे मोजत होते. सहा. सात. आठ. नऊ. दशरथ थांबला. जमिनीखालून पाणी धावल्याचा तो ओळखीचा घरघराट आला. दशरथने झाकण लावलं, चावी भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसून बिडी पेटवली.

झालं. संपलं. अकरा वर्षांचं गुपित, पाच मिनिटांचं काम. बापूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. दिसायला ते तापाने येतं तसंच होतं, पण तापाने आलं नव्हतं.

घरी परतायचं म्हणून ते वळले आणि थांबले. काहीतरी चुकत होतं. काय ते लगेच कळेना. गल्ली अंधारात होती. एकाही खिडकीत दिवा नव्हता. बादलीचा आवाज नव्हता, मोरीतलं खंगाळणं नव्हतं, 'आधी माझा हंडा' नव्हतं. पाणी आलं होतं आणि माडाची गल्ली ढाराढूर झोपली होती.

इथे गल्लीचा एक नियम सांगायला हवा. नळ उघडा ठेवून झोपायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एकाचा नळ उघडा राहिला आणि शेजारच्या सुलूबाईंच्या दोन गाद्या भिजल्या, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यामुळे नळ सगळे घट्ट बंद. पाणी मुकाट्याने येऊन नळांच्या आत उभं होतं आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मग रोज यांना कळतं कसं? बापूरावांनी स्वतःलाच विचारलं आणि घोंगडीत उभ्या उभ्या त्यांना घाम फुटला. दशरथने नऊ फेरे घेतले होते, पण मनात. मोठ्याने मोजलंच नव्हतं. तो नवा भाडेकरू हुद्द्याला घाबरून आला नव्हता. गल्लीने त्याला समजावलं असणार की बाबा रे, हा बोंबलतो म्हणून आपण उठतो.

पावणेसहा झाले. बापूरावांचं मन हळूहळू फुलायला लागलं. आता नुसतं गप्प उभं राहायचं. काही करायचंच नाही. साडेसहाला पाणी जाईल, सातला गल्ली उठेल, कोरडे नळ बघेल आणि दशरथला सोलून काढेल. "बापूराव असते तर!" असं सगळे म्हणतील. आपण तर अंथरुणात आहोत, एकशे दोन ताप आहे, लेक साक्षीला आहे. यात आपण काही केलंय असं कुणीही म्हणणार नाही. सहा वाजले. दशरथ दुसरी बिडी ओढत होता, अगदी समाधानाने. काम फत्ते केलेल्या माणसाचं समाधान ते. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

सहा वाजून पाच झाले. सुलूबाईंच्या खिडकीवर बापूरावांची नजर गेली. सत्तरीची एकटी बाई, घरात एकच पिंप. आज ते भरलं नाही तर ती दिवसभर कुणाकुणाच्या दारात तांब्या घेऊन फिरणार. आणि का कोण जाणे, सेलूच्या अडतीवरचे गुणवंतबुवा आठवले. मनात मोजलेलं माप म्हणजे चोरी. दशरथची चोरी नव्हती, त्याला नियमच ठाऊक नव्हता. ज्याला ठाऊक होता तो टपरीमागे घोंगडी पांघरून उभा होता.

बापूराव पुढे आले, छातीत होता नव्हता तेवढा वारा भरला आणि ओरडले.

"लाभ!"

घसा असा बसला होता की तेल न दिलेलं दार कुणीतरी लाथ मारून उघडावं तसा आवाज निघाला. दशरथ पायरीवरून उडालाच. टपरीमागच्या अंधारातून घोंगडी आणि माकडटोपी चालत येतेय, हे पाहून त्याची बिडी मिशीत अडकली.

"दोन! तीन!"

"कोन हाय? ए, कोन हाय तां?"

"चार!" एक खिडकी उजळली. "पाच!" तीन उजळल्या. "सहा! सात!" कड्या पडायला लागल्या, कुणाची तरी घागर जिन्यावरून गडगडत खाली आली. "आठ!" म्हणताना खोकल्याची उबळ आली, तर पहिल्या मजल्यावरून दोन पोरांनीच ओरडून "नऊ!" पुरं केलं. आणि माडाच्या गल्लीत रोजची लढाई सुरू झाली.

"आज उशीर का रे बापू?" सुलूबाई कळशी घेऊन बाहेर आल्या. "आणि आवाज असा काय? बसलाय वाटतं." जवळ येऊन त्यांनी बापूरावांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "अगं बाई! हा तर भाजतोय नुसता!"

मग काय, बादल्या नळाखाली लावून लावून सगळी गल्ली बापूरावांभोवती जमली आणि त्यांना बोलायला लागली. एवढ्या तापात कामावर येतात का? रजा नावाची काही गोष्ट असते की नाही? घरच्यांनी सोडलं कसं? कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ तर फारच चिडले होते. "अरे बापूराव, बुखार में ड्यूटी? पागल हो क्या? मरना है?"

"मी रजेवरच आहे," बापूराव कसेबसे म्हणाले.

"रजेवर असलेला माणूस इथं काय करतोय मग?"

बापूरावांनी माकडटोपी आणखी खाली ओढली. सुलूबाईंनी आतून खुर्ची आणून त्यांना बसवलं, कुणी काढा आणला, कुणी मफलर. बराच खल होऊन गल्लीने एकमताने सुनावलं की बापूरावांनी आता तीन दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

"तो कल आवाज कौन देगा?" शेठनी विचारलं.

सगळ्यांनी दशरथकडे पाहिलं. दशरथ म्हणाला, "मना वरडाया न्हाय जमायचा. मी चावी फिरवीन."

"असं करू या," सुलूबाई म्हणाल्या. "उद्या यायचं नाही म्हणजे नाही. आणि आलास तर कान बांधून ये. खुर्ची मी बाहेर ठेवीन."

साडेसहाला दशरथने वॉल बंद केला आणि बापूरावांना सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून घरी सोडायला निघाला. एका हाताने हँडल, दुसऱ्या हातात चावी. वाटेत बापूरावांना राहवेना.

"दशरथ, उलट्याचं मी तुला सांगितलं नव्हतं."

"वयनींनी सांगितला ना. म्हनाल्या, तापात हायत, सांगाचा इसरलं."

दशरथची पाठ समोर होती, रुंद, साधी. तिच्याकडे बघवेना म्हणून बापूराव बाजूची गटारं बघत राहिले.

घरी सरोजाबाई दारातच उभ्या होत्या. रागावल्या होत्या, पण दशरथसमोर बोलल्या नाहीत. त्याला चहा दिला, गल्लीत काय ठरलं ते त्याच्याकडून ऐकून घेतलं, मग तो गेला. पंचशीलाने पुन्हा थर्मामीटर लावलं, या वेळी तांब्या उचलून लांब ठेवला. एकशे तीन. मग तिने वहीतलं पान फाडून रजेचा अर्ज लिहिला, तीन दिवसांचा. बापूरावांनी मुकाट्याने सही केली. अकरा वर्षांचं सोवळं एका पेन्सिलीने सुटलं, कारण पेन सापडत नव्हतं.

लेक कॉलेजला गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दाराआडची चावीची जागा रिकामी होती, ती दशरथ घेऊन गेला होता. नवल म्हणजे त्याचं काहीच वाटत नव्हतं. सलत होतं ते दुसरंच.

"सरोजा."

"काय?"

"मी विसरलो नव्हतो गं."

सरोजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "झोपा आता. पहाटे मोजायला जायचंय ना? मफलर खुंटीला लावून ठेवलाय."